तळची काळी चार

आइल्सविर्ड, ९ फेब्रुवारी

ओन्नो,

तुझा फोन ऑक्टोबरपासून बंद आहे, म्हणून कागदावर लिहितेय. कागद बंद करता येत नाही. पत्र युइस्टच्या बोटीत पडतं, बोट भरतीला निघते आणि तू त्या बेटावर आहेस, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. टाल्केमावशीच्या भाच्याने तुला धक्क्यावर पाहुण्यांच्या बॅगा घोडागाडीत चढवताना पाहिलं. "बरा दिसला तुझा भाऊ," तो सांगत होता. "मी मॉइन म्हटलं, त्यानेही मॉइन म्हटलं." म्हणजे बोलता येतं तुला.

आधी कामाचं. काल चर्चच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष हार्म फोल्कर्ट्स, जन्मभर गुरं राखलेला माणूस, गाईगुरांच्या भाषेत बोलला. "जागा जूनअखेरपर्यंत रिकामी ठेवू, गेस्के. पुढे नाही. गाय रोज पिळावी लागते आणि ऑर्गन दर रविवारी वाजावा लागतो." सोळा वर्षं तू, त्याआधी तीस वर्षं बाबा. आता जूनअखेर. तू नुसतं "येतो" म्हणालास तर विषय संपेल. नाही म्हणालास तरी संपेल. गप्प बसलास तर मी दर महिन्याला हार्मसमोर बसून त्याच्या गाई ऐकायच्या.

सप्टेंबरमधल्या त्या संध्याकाळबद्दल एकदाच लिहिते, म्हणजे झालं काय यावर तरी आपलं एकमत होईल. ऑर्गन दोन वर्षं दुरुस्तीच्या कारखान्यात राहून परत आला होता. चर्च भरलेलं. तू वरच्या सज्जात, सगळ्यांच्या पाठीमागे. मी वेदीपाशी लॅपटॉप घेऊन, आणि माझ्या डोक्यावर पडदा. हॅम्बुर्गच्या मोठ्या ऑर्गनसाठी लिहिलेला तो जुना फ्यूग. एकच चाल, आणि चार आवाज ती एकामागून एक धरतात. मी चार आवाजांच्या चार रंगांत फिती काढल्या होत्या. स्वर उंच तर फीत उंच, स्वर लांब तर फीत लांब. तू वाजवशील तसं मी ठेक्याला बटण दाबायचं आणि चित्र पुढे सरकायचं. आठ महिन्यांचं काम होतं ते. जन्मभर त्या बाकांवर बसलेल्या लोकांना पहिल्यांदा दिसणार होतं की वर नेमकं काय चालतं.

मग तळचा आवाज आला, तुझ्या पायांचा, पायपट्ट्यांवरचा. माझी तपकिरी फीत. चाल एक पायरी उतरते आणि तळच्या काळी चारवर, तिथल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, थांबते. पडद्यावर फीत उतरली. तुझा स्वर मात्र उडी मारून वर गेला. एकदाच झालं असतं तर खपलं असतं. ती जागा सहा वेळा येते. तिसऱ्या वेळी टाल्केमावशी पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हणाली, "खाली जायचं सोडून हा माडीवर का चढतोय?" आणि लोक हसले. पाचव्या वेळी लोक वाटच बघत होते. सहाव्या वेळी तर तो स्वर यायच्या आधीच हसले.

तुला पडदा दिसत नव्हता. हसू ऐकू येत होतं. हे मला कळतं, ओन्नो, मी दगड नाही. पण मी छापलं होतं तेच काढलं. पुस्तक कुणालाही दाखव. आणि दुसऱ्या दिवशी पास्टर इबेलिंगबाईंनी तुला विचारलं तेव्हा तू स्वतःच त्यांना म्हणालास, "चूक माझीच." त्यांनी मला सांगितलंय. मग चूक तुझी असताना अबोला माझ्याशी का?

उत्तर दे. हो किंवा नाही.

गेस्के


आइल्सविर्ड, ४ मार्च

ओन्नो,

तीन आठवडे झाले. मधे पाच दिवस वाऱ्यामुळे बोट बंद होती, ते मी धरलेलं नाही.

काल समुद्राच्या बांधावर गेले होते. हवा स्वच्छ होती, तुझं बेट दिसत होतं. पाण्याच्या टाकीचा मनोरा, डावीकडे घरांची रांग. मेंढ्यांमध्ये उभी राहून मी तिकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आठ मैलांवर माणूस बसलाय आणि त्याला पोस्टाचं तिकीट मिळत नाही. थंडीने कान दुखले, परत आले. चहाचे रिवाजाचे तीन पेले एकटीने प्याले. चौथा ओतला असता तर बाबा म्हणाले असते, हे घर आहे की खानावळ.

मी तोडगा काढलाय, शांतपणे वाच. त्या सहा जागी मी फीत फिकी करते, जवळजवळ पार्श्वभूमीच्या रंगाची. लोकांना कळणार नाही की तिथे काही होतं. तू ये, पुन्हा वाजव, जसं जमेल तसं वाजव. कुणी हसणार नाही.

हे लिहिल्यावर वाचून बघितलं. तुला राग येईल हे दिसतंय. पण दुसरा उपाय सुचव ना. मी एकटीच भिंतीवर चेंडू मारत बसलेय.

पेपरातलं कात्रण तू पाहिलं असशील. "पडद्याला फ्यूग पाठ होता, वादकाला नव्हता." ते वाक्य मी लिहिलेलं नाही. पण ते छापून आल्यावर मला चार ठिकाणांहून बोलावणी आली, हे खरं आहे. जानेवारीत मी ब्रेमेनला जाऊन आले. तिथल्या नव्या ऑर्गनवर त्यांच्या वादकाने हाच फ्यूग वाजवला आणि माझी फीत सहाही वेळा त्याच्या स्वराबरोबर तळाला गेली. पाय ठेवलेली फरशीसुद्धा थरथरली. टाळ्या पडल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात तुझ्याशी भांडत होते. बघ, म्हणत होते, चित्र बरोबर आहे. बघितलंस?

तू बघितलं नाहीस. मला तो प्रवास फुकट गेल्यासारखा वाटला.

गेस्के


आइल्सविर्ड, २४ एप्रिल

ओन्नो,

समितीला कुणीतरी मिळालंय. फेम्के नावाची मुलगी, सीमेपलीकडची, ग्रोनिंगनची. सत्तावीस वर्षांची. सायकलवरून आली, पावसात भिजलेली, आणि पास्टरबाईंनी टॉवेल देईपर्यंत तिने ऑर्गनच्या स्वरांच्या खुंट्या ओढून बघायला सुरुवात केली होती. हार्मला आवडली. "खूर चांगले आहेत," म्हणाला. मी म्हटलं, "हार्म, ती पायांनी वाजवते म्हणून तिला खूर म्हणायचं का?" तो म्हणाला, "मी स्तुती करतोय."

त्यांना जूनमध्ये, पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी, तोच कार्यक्रम पुन्हा करायचाय. तोच फ्यूग, माझा पडदा, वर फेम्के. लोकांच्या मनातलं जुनं पुसलं जाईल, असं पास्टरबाईंचं म्हणणं. त्यानंतर जागा तिला देतील.

मी हो म्हटलं.

ते वाक्य वेगळ्या ओळीत लिहिलं, कारण तू तिथेच थांबशील. मी काय करायला हवं होतं? तुझ्या वतीने नाही म्हणायचं? तू मला कोणतं वकीलपत्र दिलंयस? दोन पत्रं गेली, दोन्ही बुडाली. मी पंचेचाळीस वर्षांची बाई आहे, मला काम करून जगायचं आहे आणि माझं काम हेच आहे, दुसऱ्यांनी वाजवलेलं डोळ्यांना दाखवणं. शिवाय पास्टरबाईंना मी पुन्हा विचारलं, नेमकं काय म्हणाला तो? त्या म्हणाल्या, "मी विचारलं, ओन्नो, चूक तुझी की गेस्केच्या चित्राची? तो बूट बदलत होता. म्हणाला, माझी. चित्राला काही म्हणू नका." बघ. चित्राला काही म्हणू नका. तुझे शब्द आहेत.

तुझे वाजवायचे जोडे बाकाखालीच आहेत. फेम्के स्वतःचे आणते. तिने विचारलं, हलवू का? मी म्हटलं, राहू देत.

सप्टेंबरच्या कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात तू फोन केला होतास, मी घाईत होते. ते असो.

गेस्के


आइल्सविर्ड, १३ मे

ओन्नो,

आज पहिली तालीम झाली. घाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

फेम्के वर, मी खाली, चर्चमध्ये तिसरं कुणी नाही. तिने सुरुवात छान केली. पहिला आवाज, दुसरा, तिसरा, फिती एकमेकींत गुंतत गेल्या. मग पाय आले. तपकिरी फीत तळाला उतरली आणि तिचा स्वर उडी मारून वर गेला. अगदी तुझ्यासारखा. त्याच जागी.

मी बटण सोडलं. पुढचं ती चित्राशिवाय वाजवत होती. दुसऱ्यांदा उडी. तिसऱ्यांदा. मी जिन्यावरून धावत वर गेले. गेल्या तीन वर्षांत मी तो जिना चढले नव्हते, हे मला वर पोचल्यावर कळलं.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं. "पुस्तकात काय छापलंय ते दिसत नाही का तुम्हाला लोकांना?"

तिने हात उचलले. "कुठे?"

"काळी चार. तळची. सहाही वेळा तुम्ही वर पळता."

"मग कुठे पळू?"

"जिथे आहे तिथे. तळाला."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं वाट चुकलेल्या म्हाताऱ्या बाईकडे बघतात. मग बाकावर जरा सरकली. "या, बसा इथे. मला दाखवा कुठे पाय ठेवू."

मी बसले. बूट काढले. लहानपणी बाबा चहाला गेले की आपण दोघं पायांनी जुनी भजनं वाजवायचो, तू डावीकडून, मी उजवीकडून, आठवतं? माझ्या पायाला ती पट्टी माहीत होती. मी न बघता पाय टाकला आणि पाय लाकडावर आपटला. नुसत्या लाकडावर. खाली वाकून बघितलं. तळच्या सप्तकात चार काळ्या पट्ट्या नाहीतच. एक, दोन, तीन, चार, एकही नाही.

"दुरुस्तीत काढल्या," फेम्के म्हणाली. "आमच्याकडे, तुमच्याकडे, या सगळ्या किनाऱ्यावर जुने ऑर्गन असेच होते. तळाच्या नळ्या घराएवढ्या लागतात, कथील महाग, आणि त्या काळात तळाचे ते चार स्वर कुणी फारसे लावत नसत. म्हणून ठेवलेच नाहीत. मधे कधीतरी कुणी बसवले होते, ते आता काढून टाकले. मूळ रूपात परत. तुमच्या पत्रकातच लिहिलंय की."

पत्रक मी लिहिलं होतं, ओन्नो. देणग्यांसाठी. "आमचा ऑर्गन मूळ रूपात परत आणू या." कारखान्याच्या माणसाने जे चार मुद्दे दिले ते मी छान मखरात बसवावेत तसे सजवले आणि एकाचाही अर्थ विचारला नाही.

"मग ज्याने त्याने अशीच उडी मारली असणार?" मी विचारलं.

"तीनशे वर्षं. हॅम्बुर्गचा तुकडा खेड्यात वाजवायचा तर दुसरं काय करणार? कुणी हसलं नाही. कुणाला दिसत नव्हतं ना."

मग ती हळूच म्हणाली, "तुमच्या भावाने उडी फार चांगली घेतलीय. मी त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण ऐकलं, माइक नळ्यांपाशी होता, हसणं त्यात आलेलं नाही. दर वेळी उडीच्या आधी अर्धा श्वास थांबतो, म्हणजे कानाला धक्का बसत नाही. मी तेच उचललंय."

ती सायकलवरून गेली. मी तिथेच अनवाणी बसून राहिले.

पण मला तुझाही राग येतोय, आणि तो मी गिळणार नाही. तू बोलला का नाहीस? एक वाक्य. "पट्टीच नाही, गेस्के." सज्जातून खाली येऊन एवढं बोलला असतास तर सगळ्या चर्चने ऐकलं असतं. चूक माझीच, म्हणे. कशाला?

गेस्के


आइल्सविर्ड, १६ मे

ओन्नो,

कशाला, ते मला माहीत आहे. तीन दिवस माहीत नसल्यासारखं केलं.

तू तुझी प्रत मला दिली होतीस, नेहमीसारखी, ठेक्याचे आकडे तुझ्या हाताने घातलेली. ती मी काल खोक्यातून काढली. पान सात. तळच्या काळी चारभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि वर जाणारा बाण. शेजारी तुझ्या बारीक अक्षरात, "इथे नाही, वरून घेतोय." पान आठवर दोन. पान नऊ, अकरा, बारा. सहा वर्तुळं, सहा बाण.

मी पानं संगणकात घेते तेव्हा पहिलं काम म्हणजे ती धुणं. पेन्सिल, चहाचे डाग, कोपऱ्यातली बोटांची तेलकटी, सगळं एका बटणात जातं आणि पांढऱ्यावर काळं तेवढं उरतं. ते काम मी न वाचता करते. तुझी प्रत कायम बोटांचे आकडे आणि बाणांनी भरलेली असते. मी म्हटलं, आहेत त्याच्या खुणा. आणि धुतल्या.

इतकंच असतं तर याला घाई म्हणता आलं असतं. पण तो फोन.

कार्यक्रमाच्या आधीचा मंगळवार. तू विचारलंस, "काळी चारचं बघितलंस ना?" मी शेवटची पानं रंगवत होते, शुक्रवारी सगळं द्यायचं होतं. मला प्रश्न कळला नाही. कळला नाही म्हणायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, "हो हो, बघितलं." तू म्हणालास, "नक्की?" मी म्हटलं, "ओन्नो, माझं काम मला करू दे."

तर तू त्या बाकावर निश्चिंत बसलास. बहिणीने बघितलंय म्हणून. तिसऱ्या वेळी लोक हसले तेव्हा तुला कळलं असणार, मी बघितलेलं नाही. आणि तरी तू उरलेल्या तीन उड्या जशा ठरल्या होत्या तशाच मारल्यास, कारण तुला दुसरी पट्टीच नव्हती. मग खाली आलास आणि दुसऱ्या दिवशी पास्टरबाईंनी विचारलं, तुझी की चित्राची. तेव्हा माझं चित्र पहिल्यांदाच कुणी पैसे देऊन घेतलं होतं. चूक चित्राची ठरली असती तर करारानुसार समितीला ते नाकारता आलं असतं. तू म्हणालास, माझी.

आणि मी ते वाक्य दोन पत्रांत तुझ्या तोंडावर फेकलं. फीत फिकी करते म्हणाले.

मी क्षमा मागितली तर तू पत्र पुन्हा खिशात घालून बॅगा उचलायला जाशील, ओळखते मी तुला. म्हणून काय करणार ते लिहिते. फेम्केशी बोलले. पेंटेकॉस्टला ती वाजवणार नाही. तुझंच ध्वनिमुद्रण लावायचं, आणि चित्र मी नव्याने काढायचं. पुस्तकावरून नाही, तू वाजवलंस त्यावरून. तीन आठवडे आहेत. झोप कमी मिळेल, मिळू दे.

तुझी गेस्के


आइल्सविर्ड, १० जून

ओन्नो,

काल झालं.

नव्या पद्धतीने काम करणं म्हणजे वैताग होता. पुस्तकातून काढताना स्वर रांगेत उभे असतात. तुझ्या वाजवण्यातून काढताना प्रत्येक फीत कुठे सुरू होते आणि कुठे सुटते ते कानाने शोधायचं. एका ओळीला एक दिवस. तू कुठे घाई करतोस, कुठे रेंगाळतोस, सगळं सापडलं. उडीच्या आधीचा तो अर्धा श्वास मी चाळीस वेळा ऐकला. तिथे मी काही काढलेलं नाही, फितीत नुसती फट आहे.

आणि तुझ्या प्रतीची न धुतलेली पानं मी मागे ठेवली. फिती चालतात आणि त्यांच्या मागे, फिकट, तुझी पेन्सिल. तपकिरी फीत तळाकडे येते, तिथे वर्तुळ दिसतं, बाण दिसतो, आणि फीत बाणाबरोबर वर जाते.

सुरू करण्याआधी मी उभी राहिले. भाषण मला येत नाही. म्हटलं, "गेल्या सप्टेंबरमध्ये तुम्ही माझ्या भावाला हसलात. पडद्यावर जे दिसत होतं ते चुकीचं होतं. त्याने मला विचारलं होतं, बघितलंस ना. मी न बघता हो म्हटलं. ज्या पट्टीवर तो जात नाही म्हणून तुम्ही हसलात ती पट्टी या ऑर्गनला नाही. कार्यक्रमानंतर वर जाऊन बघा."

आपल्या लोकांना बोलवत नाही, तुला माहीत आहे. हार्म नुसता "हं" म्हणाला.

मग तू वाजलास. सज्जा रिकामा, आणि तू वाजलास. पहिल्या उडीला मी टाल्केमावशीकडे बघितलं. तिने पिशवीतला रुमाल काढला, पण नाक नाही शिंकरलं, नुसता हातात धरून बसली. सहाव्या उडीपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.

नंतर सगळे जिना चढले. साठेक माणसं, रांगेत, एकेक जण वाकून पायपट्ट्या बघत होता. हार्मने चष्मा घालून मोजल्या. "चार कमी," म्हणाला. "आणि हे कुणी मला सांगितलं नाही. चार सडांची गाय म्हणून घेतली आणि एक सड बंद." पास्टरबाई म्हणाल्या, "हार्म, गाईबद्दल नंतर." टाल्केमावशी सगळ्यांत शेवटी चढली, गुडघे धरत. बाकाखालचे तुझे जोडे बघून मला विचारलं, "हे त्याचे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी मोठ्याने बोलले होते. त्याला कळव, मावशी मोठ्याने बोलली होती आणि आता तेवढ्याच मोठ्याने सांगते की मी मूर्ख." जितक्या मोठ्याने म्हणाली तितकं मला लिहिता येत नाही.

फेम्केने समितीला कळवलंय की ती एकाआड एक रविवार घेईल, पूर्ण जागा तिला नको, ग्रोनिंगनला तिचे शिष्य आहेत. हे तिने माझ्यासाठी केलंय की खरंच, ते मी विचारलं नाही. आता उरलेले रविवार कुणाचे, हे समिती तीस जूनला ठरवेल. मी हो किंवा नाही मागत नाहीये. ध्वनिमुद्रण आणि चित्र एका पेनड्राइव्हवर या पाकिटात घातलंय. बेटावर कुणाकडे तरी संगणक असेलच. बघ.

गेस्के


आइल्सविर्ड, २३ जून

ओन्नो,

तुझं कार्ड आज आलं. पुढे सीलचं चित्र, मागे तीन ओळी. नऊ महिन्यांनी तीन ओळी, आणि त्यात "प्रिय"सुद्धा नाही.

"पान दहा, दुसरी ओळ, डावा हात. तिथे मी खरंच चुकलो. तू तसंच काढलंयस. ते पुसू नकोस."

मी जाऊन बघितलं. खरंच आहे. हिरव्या फितीत एक तुकडा शेजारच्या स्वरावर पडलाय. मी कानाने ऐकून काढत होते, तू वाजवलंस ते काढलं, चूक आहे हे मला कळलंही नाही. लगेच फेम्केला दाखवलं, तिलाही कळलं नव्हतं. साठ माणसांपैकी कुणालाही कळलं नव्हतं. तुला कळलं, बेटावर, कुणाच्या तरी उसन्या संगणकावर. आणि नऊ महिने न केलेल्या चुकीवर गप्प बसलेला माणूस केलेल्या चुकीचं कार्ड पाठवतो. तुझ्याबरोबर राहणं म्हणजे काय असतं हे मी विसरले होते.

नाही पुसणार.

कार्डाच्या कडेला, तिकिटाखाली, उभं काहीतरी लिहिलंयस. आधी मला वाटलं पोस्टाचा शिक्का. मग भिंग आणलं. यापुढे तुझी पेन्सिल मी भिंगाने वाचते. "जोडे आहेत का अजून?"

आहेत. बाकाखाली, होते तिथेच. साठ माणसं वाकून गेली, कुणी हलवले नाहीत. डाव्याची नाडी मात्र तुटलीय. इथल्या दुकानात तपकिरी मिळत नाही, काळीच आहे. तुला काळी चालत नाही. येताना घेऊन ये.

गेस्के